सोंग, तोतया आणि हेर : बहिर्जी नाईक खरोखर बहुरूपी होते का?

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा गावी खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. बैलांचे व्यापारी, घोंगडीवाले, भिक्षेकरी दूरदूरहून येतात. अनोळखी चेहऱ्याकडे तेथे कोणी वळून पाहत नाही. कादंबऱ्यांतून आणि चित्रपटांतून शिवरायांचे हेर अशाच गर्दीत बहुरूप्याच्या वेषात वावरतात. त्यांत बहिर्जी नाईक अग्रभागी.

पुरावा मात्र तुटपुंजा आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत बहिर्जी येतो तो ‘जासूद’ म्हणून. सुरत मारल्यास अगणित द्रव्य मिळेल, ही खबर तो आणतो. त्याच्या वेषाविषयी बखरकार तेथे काही सांगत नाही. यशस्वी हेराचे वेषांतर कागदावर उतरत नाही, हे मान्य. पण म्हणून त्या रिकाम्या जागी आपल्याला हवे ते भरण्याचा परवाना मिळत नाही.

मुळात बहुरूप्याचे काम हेराच्या नेमके उलट आहे. बहुरूपी, म्हणजेच काही भागांतला रायरंद, हवालदार होऊन दारात येतो, अटकेचा धाक घालतो, नसलेल्या लग्नाचे आमंत्रण देतो आणि शेवटी हात पसरतो. सोंग ओळखले गेले तरच पसाभर धान्य मिळते. हेर ओळखला गेला तर जीव जातो. तिसरा प्रकार तोतयाचा. पानिपतात पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे सांगणाऱ्याने कोकणात फौज उभी केली. १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. तिघांनाही आपण सरसकट ‘वेषांतर’ म्हणतो. पाहणाऱ्याने काय ओळखावे, हा करार मात्र प्रत्येकाचा निराळा.

बहुरूप्याचा करार गावाच्या विश्वासावर चाले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा १९५२ मध्ये गेला, संशय राहिला.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजार भरला होता. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून आधीच पसरलेली. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आले होते. त्यांनी कोणतेही सोंग घेतलेले नव्हते.