वाळू व खडी साठ्यांचे नकाशांकन, पर्माफ्रॉस्ट प्रदेशातील

कायम गोठलेल्या जमिनीतील बांधकामयोग्य वाळू व खडी शोधून त्यांचा विस्तार, जाडी व प्रत नकाशावर मांडण्याचे काम. वायव्य कॅनडात मॅकेंझी नदीच्या त्रिभुज प्रदेशाभोवती अशी पाहणी बरीच झाली आहे. तेथे खडीचा भराव रस्त्याला आधार देतो आणि खालचा बर्फ वितळू न देणारे पांघरूणही ठरतो. २०१७ साली खुला झालेला सुमारे १३८ किमी. लांबीचा इनुविक–टुक्टोयाक्टुक रस्ता अशाच भरावावर उभा आहे.

हिमनदीच्या वितळपाण्याने रचलेले एस्कर, केम यांसारखे उंचवटे प्रथम हवाई छायाचित्रांत हेरतात. मात्र उंचवटा दिसला म्हणजे खडी मिळाली असे नव्हे. पोटात पुष्कळदा बर्फाचे जाड थर निघतात. विद्युत रोधमापन येथे फसवे ठरते, कारण बर्फ आणि गोठलेली खडी दोन्ही उच्च रोध दाखवतात. भूवेधी रडारची जोड दिली तरी अखेर वेधन करून गोठलेला गाभा काढावाच लागतो. साठ्याच्या अंदाजातून बर्फाचे घनफळ वगळतात.

कॅनडा सरकार व या भागातील इनुव्हिअलुइट लोक यांच्यातील १९८४ च्या करारात स्थानिक वस्त्यांच्या गरजांसाठी वाळू व खडी राखून ठेवण्याची तरतूद आहे.