तापीकाठची जुनी वाट

सुरतेचे नाव निघताच आपणांस १६६४ व १६७० ही दोन साले आठवतात. परंतु ज्या वाटांनी त्या बंदराचे वैभव वाढविले, त्यांचे स्मरण क्वचितच होते. त्यांपैकी एक प्रमुख वाट सूर्यकन्या तापीच्या खोऱ्यातून बारडोली, नवापूर, नंदुरबार अशी बऱ्हाणपुरास व पुढे आग्र्यास जात असे. सतराव्या शतकात तिने प्रवास केलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये लिहितो की, नवापूरकडील तांदळास कस्तुरीचा सुगंध येतो.

याच वाटेलगत डोंगरमाथ्यावर सोनगड उभा आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पिलाजीराव गायकवाडांनी तेथे आपले ठाणे केले आणि बडोद्याच्या राज्याचा पाया घातला गेला. मोटारीने जाणाऱ्यास या स्थळाचे मर्म उमगत नाही. खडीच्या, मुरमाड वाटेने सायकल हाकणाऱ्यास मात्र प्रत्येक चढ पोटऱ्यांत जाणवतो. गड ज्याच्या हाती, वाट त्याच्या हाती, हे त्यास निराळे सांगावे लागत नाही.

पुढे आगगाडी आली, हमरस्ता झाला. १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाले आणि अनेक आदिवासी गावे आपल्या पाऊलवाटांसह जलाशयाखाली गेली. त्या गावांत वाढलेली वृद्ध माणसे अद्याप काठावर नांदत आहेत. या खोऱ्यात सायकलीने हिंडणाऱ्यांनी त्यांच्यापाशी क्षणभर थांबावे व बुडालेल्या वाटांची नावे विचारून टिपून ठेवावीत. गडाचा इतिहास बखरकार लिहितो. वाटेचा इतिहास तिने चालणाराच सांगू शकतो.