पाटण्याचा प्रभव आणि चीनचा ससा

चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथील देवीच्या मंदिरातला शिलालेख खानदेशच्या अभ्यासकांना परिचित आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांचा नातू आणि यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले. दिवस श्रावणी पौर्णिमेचा, चंद्रग्रहणाचा; म्हणजे ९ ऑगस्ट १२०७. संवत्सर 'प्रभव', साठांतले पहिले.

दीपनगरला घरी या तारखा जुळवताना मी शेजारी चिनी कालगणना मांडून पाहिली. त्याच वर्षाचे चिनी नाव 'दिंग-माओ'. दिंग हा यिन प्रकृतीचा अग्नी, माओ म्हणजे ससा. तिथेही चक्र साठ वर्षांचेच. मग एकाने दुसऱ्याकडून उचलले, असे म्हणावे का?

आकडा एक असला, तरी वाटा वेगळ्या आहेत. आपल्या साठीच्या मुळाशी गुरू ग्रह आहे. त्याची राशिचक्रातली एक फेरी सुमारे १२ वर्षांची; अशा पाच फेऱ्यांचे ६०. चीनमध्ये १० चिन्हांची एक माळ आणि १२ चिन्हांची दुसरी. दोन्ही एकेक मणी पुढे सरकवत नेल्या, की पहिली जोडी ६० पावलांनी पुन्हा येते. इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमारास कौल लावण्याच्या हाडांवर या जोड्या दिवस मोजण्यासाठी कोरलेल्या सापडतात. दहा चिन्हांना लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी यांची यिन आणि यांग अशी दोन-दोन रूपे वाटून दिली गेली, ती नंतर. गणना आधी, तत्त्वज्ञान मागाहून.

या पाचांना चिनीत 'वू-शिंग' म्हणतात. मराठीत त्यांना पंचमहाभूते म्हणण्याचा मोह होतो. पण 'शिंग' म्हणजे चालणे. लाकूड अग्नीला जन्म देते, अग्नी मातीला, माती धातूला, धातू पाण्याला आणि पाणी पुन्हा लाकडाला. उलट पाणी अग्नीला आवरते, अग्नी धातूला, धातू लाकडाला, लाकूड मातीला, माती पाण्याला. आपली महाभूते जग कशाचे बनले ते सांगतात. वू-शिंग बदल कसा घडतो ते सांगतात. त्यात वायू नाही, आकाशही नाही. बौद्ध ग्रंथ चिनीत नेणाऱ्यांनी हा भेद जपला. 'महाभूत' शब्दासाठी त्यांनी 'महान' अशा अर्थाचा 'दा' घेतला, 'शिंग' नव्हे.

महाराष्ट्रात संवत्सराचे नाव शकाबरोबर दरवर्षी एकेक पुढे जाते. उत्तरेत गुरूच्या गतीप्रमाणे अधूनमधून एक नाव गाळतात. म्हणूनच आपला प्रभव आणि चीनचा दिंग-माओ ७८० वर्षांनी, तेरा फेऱ्या पुऱ्या करून, १९८७ मध्ये पुन्हा एकत्र आले. यात उसनवारीचा पुरावा शोधण्याचे कारण नाही. दोघेही न चुकता साठपर्यंत मोजत राहिले, एवढाच त्याचा अर्थ. भास्कराचार्यांचे गणित शिकवणाऱ्या मठाच्या गावी तरी एवढा हिशेब पुरेसा मानला जावा.