गिरिभ्रमण, नाशिक परिसरातील

नाशिक जिल्हा व त्यास लागून असलेले अकोले आणि शहापूर तालुके यांतील डोंगररांगा, किल्ले व घळी यांतून पाठीवर शिधासामग्री घेऊन लहान गटाने केलेला पायी प्रवास. यास पदभ्रमण, दुर्गभ्रमण, डोंगरयात्रा अशाही संज्ञा रूढ आहेत. बोलण्यात मात्र ट्रेक हाच शब्द सर्रास वापरला जातो. छंद म्हणून या प्रकाराचे वय फार नाही. ज्या वाटांनी तो चालतो, त्या मात्र भिक्षू, व्यापारी, लमाण, सैनिक व यात्रेकरू यांनी पाडलेल्या आहेत.

जिल्ह्याच्या पश्चिम कडेने सह्याद्रीची मुख्य धार जाते व तीपासून सेलबारी-डोलबारी, सातमाळा, त्र्यंबक-अंजनेरी या उपरांगा पूर्वेकडे फुटतात. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांवर थर साचून हा प्रदेश बनला. कठीण थरांचे उभे कडे आणि मऊ थरांचे उतार एकाआड एक येत असल्याने डोंगरांना पायऱ्यापायऱ्यांचा आकार आला आहे. इगतपुरीस वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील येवला-नांदगाव भागात तो त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही नसतो. जो पडतो तोही कातळावरून वाहून जातो. यामुळे फेब्रुवारीनंतर सातमाळ्याची रांग उघडीबोडकी होते. येथे वाळवंट नाही. पण पाण्याच्या बाबतीत वाटसरूची अवस्था वाळवंटातल्यासारखीच होते. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या रुक्ष निदऱ्यांत हिंडणारा प्रवासी झऱ्यांच्या आधाराने मुक्काम ठरवितो. सातमाळ्यात मुक्काम ठरतो तो कातळात खोदलेल्या टाक्यांवरून. नैसर्गिक झरे थोडे, टाकी पुष्कळ. या प्रदेशातील गिरिभ्रमणाचा इतिहास हा बव्हंशी या टाक्यांचा इतिहास आहे.

त्यांचा जुना लेखी पुरावा नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत मिळतो. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने त्रिरश्मी पर्वतावर लेणे व पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, करविल्याचा उल्लेख तेथील शिलालेखात आहे. विहारात राहणाऱ्या भिक्षूंना निवाऱ्याइतकीच पाण्याची निकड होती, हे यावरून दिसते. पुढे हेच तंत्र दुर्गबांधणीत आले. शिबंदी किती दिवस टिकणार, हे तटबंदीपेक्षा टाक्यांवर अवलंबून असे.

घाट आणि खिंडी यांवर नजर ठेवण्यासाठी हे किल्ले उभे राहिले. गोंडा घाटाच्या वाटेवर हरिहर आहे. मोगल सरदार अलावर्दीखान याने १६३६ च्या सुमारास चांदवड परिसरातील किल्ले घेतले. त्याची नोंद करणारा फार्सी शिलालेख इंद्राईच्या कातळात आहे. सुरतेच्या दुसऱ्या स्वारीहून परतताना शिवाजी महाराजांनी ऑक्टोबर १६७० मध्ये दाऊदखान कुरेशी याच्या सैन्याशी वणी-दिंडोरी येथे झुंज दिली, ती याच रांगेच्या कुशीत. साल्हेरच्या (उंची १,५६७ मी.) पायथ्याशी १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांचा मोठा पराभव केला. धोडप येथे १७६८ मध्ये पेशवा माधवरावाने रघुनाथरावास शरण आणले.

निर्णायक ठरले ते १८१८ साल. एप्रिलमध्ये अणकाई, राजदेहेर व त्र्यंबक हे किल्ले एकापाठोपाठ इंग्रजांच्या हाती गेले. त्र्यंबक पडताच आसपासच्या सतरा किल्ल्यांनी लढाईवाचून शरणागती पत्करली. किल्ले पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून त्यांच्या वाटा मोडण्यात आल्या, कित्येक ठिकाणी पायऱ्या सुरुंगाने उडविल्या गेल्या. हरिहरचा कातळकोरीव जिना वाचला, हे सुदैव. अलंग व मदन यांच्या नशिबी ते नव्हते. एकेकाळी शिबंदीचा माणूस डोक्यावर ओझे घेऊन जिथे पायऱ्यांनी चढे, तिथे आज दोराखेरीज चढता येत नाही. या जोडीची आणि शेजारच्या कुलंगची वाट अतिशय अवघड गणली जाते. ही अवघडता डोंगराची कमी आणि १८१८ ची अधिक आहे.

यानंतर शतकभर डोंगर गुराखी, आदिवासी व यात्रेकरू यांच्याकडेच राहिले. सप्तशृंगीची यात्रा व तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा चालू राहिली. थळ घाटातील लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाल्याने मुंबईकरास कसारा-इगतपुरी जवळ आले. १८८३ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा नाशिक खंड निघाला. किल्ल्यांच्या वाटा आणि पाणी यांची त्यातील वर्णने सरकारी अंमलदारांसाठी लिहिलेली होती. ती पुढे हौशी भटक्यांच्या उपयोगी पडली. एव्हरेस्टवरील १९५३ च्या यशानंतर महाराष्ट्रात गिर्यारोहणाची ओढ वाढली. मुंबईत १९५४ मध्ये गिरिविहार ही संस्था स्थापन झाली. नाशिकमध्ये वैनतेय या संस्थेने हे कार्य केले. गो. नी. दांडेकर यांच्या दुर्गविषयक लेखनाने तर गिर्यारोहणाशी संबंध नसलेल्या वाचकांसही किल्ल्यांवर नेले. चार-पाच मित्रांनी मिळून पिठले-भाताची सामग्री, एक पातेले आणि दोर घेऊन रांगच्या रांग पालथी घालावी, ही रीत त्या काळात रुजली.

किल्ल्यांहून निराळा प्रकार म्हणजे घळीतील भ्रमण. रतनगडाच्या परिसरातील साम्रद गावाजवळची सांदण घळ हे त्याचे ठळक उदाहरण होय. बेसाल्टमधील उभ्या भेगेला अनुसरून पाण्याने कापलेली ही चीर काही ठिकाणी जेमतेम दोन-तीन मीटर रुंद असून दोन्ही भिंती पन्नास मीटरांहून उंच जातात. तळाशी सूर्यप्रकाश दिवसातून थोडाच वेळ पोचतो. मार्गात गार पाण्याचे डोह लागतात व शेवटी घळ कोकणच्या बाजूस तुटते; तेथे दोराने उतरून डेहणे गावाकडे किंवा करोली घाटाने परत साम्रदला जाता येते. पावसाळ्यात मात्र या चिरेत शिरणे जिवावर बेतते. वरच्या पठारावरचे पाणी अल्पावधीत आत लोटते आणि बाहेर पडण्यास आडवाट नसते. आभाळ पाहून घळीत कधी उतरू नये, हे साम्रदचे वाटाडे पिढ्यानपिढ्या जाणून आहेत. त्यांपैकी बहुतेक महादेव कोळी किंवा ठाकर समाजाचे आहेत. शहरी गटांच्या वृत्तांतांत त्यांचा उल्लेख पुष्कळदा ‘एक गावकरी’ इतकाच येतो, हे न्याय्य नाही.

एकविसाव्या शतकात समाजमाध्यमांमुळे हरिहरसारख्या ठिकाणी एकेरी जिन्यावर चढणाऱ्या व उतरणाऱ्यांची कोंडी होऊ लागली. पावसाळ्यात प्रशासनास वेळोवेळी बंदी घालावी लागते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य (१९८६) व अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र (२०१७) यांतील नियमही भटक्यांना लागू आहेत. अंजनेरी हे कंदीलपुष्पाच्या एका अतिदुर्मिळ जातीचे स्थान आहे. दुसरीकडे, दुर्गसंवर्धनाचे हौशी गट गाळाने भरलेली टाकी उपसत आहेत. त्यांचे पाणी एप्रिल-मेमध्ये गुराख्यांना व जनावरांनाही लागते. म्हणून टाक्यात उतरून अंघोळ न करण्याचा आणि उपसलेल्या पाण्यातून गरजेपुरतेच घेण्याचा संकेत जुने भटके कसोशीने पाळतात.