निम्मे घर, निम्मे दुकान

परवा माळा आवरताना बाबांच्या दुकानाच्या खतावण्या सापडल्या. लाल कापडी बांधणी, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. आत्याला आठवत असतील. १९८४च्या वहीत टेलिफोनच्या खात्यावर दर बिलापुढे बाबांच्या अक्षरात लिहिलंय, "निम्मे घर, निम्मे दुकान".

फोन एकच होता, जिन्यात. व्यापाऱ्यांचे फोन त्यावरच यायचे आणि आजीच्या बहिणीचेही. "सगळंच बिल धंद्यात टाका, कोण विचारतंय?" असं कर सल्लागार म्हणायचे. बाबांनी टाकलं नाही. तेव्हा मला तो निव्वळ भित्रेपणा वाटायचा.

आता थोडं वाचल्यावर कळतं, की ही घर-दुकानाची रेघ फार जुनी भानगड आहे. सत्तावन्नच्या उठावानंतर तिजोरीत खड्डा पडला, तो भरायला जेम्स विल्सन यांनी १८६० साली आपल्याकडे प्राप्तिकर आणला. वर्षाला २०० रुपयांच्या आत मिळकत असेल तर माफी. कायदा झाल्यावर तीन आठवड्यांच्या आत विल्सन कलकत्त्यात आमांशाने वारले. कर पाच वर्षांत बंद झाला, पुन्हा आला, आणि १८८६च्या कायद्याने टिकला. विम्याच्या हप्त्याला ठरावीक मर्यादेपर्यंत सूट त्याच कायद्यात होती. म्हणजे मार्चअखेरीस विमा एजंटांची जी लगबग चालायची, तिचं मूळ राणीच्या राज्यात!

पण विम्याची सूट आणि दुकानाचं भाडं, दोन्हींना आपण 'वजावट'च म्हणतो, तरी जात वेगळी. पहिली सरकारची मर्जी. दुसऱ्याचं तसं नाही, कारण खर्च वजा केल्याशिवाय धंद्याचं उत्पन्न किती हेच ठरत नाही. २०२० साली नवी कररचना आली, तिच्यात घरगुती वजावटी बहुतेक गेल्या, धंद्याचा खर्च मात्र राहिला. १९६१च्या कायद्याचं कलम ३७ एवढंच म्हणायचं, की खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी हवा, खासगी नको.

धंदा कसला, हे त्या कलमात नव्हतं. १९५८ साली एक जण ६५,५०० रुपयांच्या नोटा घेऊन पाकिस्तानात सोनं आणायला निघाला आणि सरहद्दीवर पकडला गेला. नोटा जप्त. वर प्राप्तिकरही लावला. तो म्हणाला, तस्करी हा माझा धंदा धरता, मग जप्ती हा धंद्यातला तोटा धरा. १९८० साली सुप्रीम कोर्टाने त्याचं म्हणणं मान्य केलं! पुढे १९९८ साली सरकारने कलमात खुलासा घातला, की बेकायदा कामासाठी केलेला खर्च चालणार नाही, आणि तो १९६२पासून लागू धरला.

तस्कराला पूर्ण वजावट आणि आमच्या बाबांना निम्मा फोन. असो.

बाबांची रेघही तितकी सरळ नव्हती म्हणा. त्याच वहीत 'चहापाणी' रोजचे दोन रुपये, सगळे दुकानाच्या नावे. चहा तर वरून, आईच्या स्टोव्हवरून यायचा. गिऱ्हाईक बसलं की बाबा खालून बोटं दाखवायचे, तितके कप.

आईला ते पान दाखवलं. तिने चष्मा लावून नीट वाचलं.

"दूध-साखर तर घरातलीच असायची," ती म्हणाली. "हे दोन रुपये मला कधी दिसले नाहीत."