बहिर्मुख सहकाऱ्यांशी संवाद

माणसांत रमणाऱ्या, बोलक्या, चटकन ओळख काढणाऱ्या सहकाऱ्यांशी कामाचे बोलणे नेमकेपणाने पार पाडण्याची रीत. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बहिर्मुख आणि अंतर्मुख असे स्वभावाचे दोन कल मांडले. मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी १९६७ साली या कलांचा संबंध मेंदूच्या उत्तेजनाशी जोडला. बहिर्मुखांच्या मेंदूचे मूळ उत्तेजन कमी असते, म्हणून ते बाहेर उत्तेजना शोधतात, असे त्यांचे म्हणणे. आता हे दोन बंद कप्पे मानले जात नाहीत. बहुतेक माणसे अधेमधेच असतात.

‘कोल्हापूरकर मोकळाढाकळा’ ही ख्यातीही म्हणून बेतानेच घ्यावी. दिवसभरात चार वाक्ये न बोलणारे मोल्डर, म्हणजे साचा बनवणारे कारागीर, इथेही आहेत. तरीही कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्री व मशीन शॉपमध्ये तोंडी व्यवहाराचे वजन मोठे. कास्टिंगच्या ऑर्डरआधी चहा येतो, गाव विचारले जाते, उसाचा दर निघतो, फुटबॉलचा हंगाम असेल तर ‘पाटाकडील की दिलबहार?’ अशी स्थानिक संघांची विचारणाही होते. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो. बोलक्या माणसाच्या लेखी मात्र काम तिथेच सुरू झालेले असते, आणि ही पाच मिनिटे कापणाऱ्याला पुढे पंधरा फोन करावे लागतात.

असा माणूस बोलता बोलता विचार करतो. त्याची पहिली दोन-तीन विधाने कच्चा खर्डा असतात. त्यांवर लगेच वाद घालू नये आणि ती निर्णय म्हणून टिपूनही घेऊ नयेत. खरी फसगत होते ती होकारात. ‘व्हय, करतो की भावा’ यात आपुलकी पुरेपूर असते, तारीख नसते. म्हणून बोलणे रंगात असतानाच किती नग, कोणती ग्रेड, कोणत्या दिवशी गाडी भरणार, हे विचारावे आणि लगेच व्हॉट्सॲपवर तेवढेच तीन ओळींत पाठवावे. आधी लांबलचक ईमेल आणि मग भेट, हा क्रम उलटा पडतो. चूक दाखवायची तर एकट्याला बाजूला घेऊन. चारचौघांत ज्याची ऐट, त्याला चारचौघांतला अपमान जास्त लागतो. कौतुक मात्र सगळ्यांसमोर करावे. बैठकीत बोलका माणूस मोकळी जागा भरून काढतोच, त्यामुळे गप्प बसणाऱ्या कारागिराचे मत त्याच्याआधी घेतलेले बरे.

मालकच बोलका असेल तेव्हा प्रकरण अवघड होते. ॲडम ग्रँट, फ्रान्चेस्का जिनो आणि डेव्हिड हॉफमन या संशोधकांनी २०११ मध्ये अमेरिकेतील पिझ्झा दुकानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सांगेल तेवढेच करणारे कर्मचारी असले की बहिर्मुख प्रमुखाच्या दुकानाला नफा जास्त. कर्मचारी स्वतःहून सुधारणा सुचवू लागले की तो कमी. सूचना देणारी माणसे अशा प्रमुखाला आव्हान वाटतात, हे त्यांचे स्पष्टीकरण. घरच्या कारखान्यात, जिथे मालक, विक्रेता आणि फोरमन एकच असतो, तिथे हे सहज पटते. साच्यात बदल सुचवायचा असेल तर भट्टी चालू असताना शॉपमध्ये सर्वांदेखत सुचवू नये. दुपारच्या जेवणानंतर केबिनमध्ये जावे, मालकांचे बोलून होऊ द्यावे, आणि सूचना त्यांच्याच एखाद्या जुन्या कल्पनेला जोडून मांडावी.