वाडगा कुंभाराचा, नाव कुणाचं?

हस्तकलेच्या इतिहासावर संशोधन करायचं ठरवलं की पहिला प्रश्न मनात येतो: ही वस्तू कुणी बनवली? साधा वाटतो, पण आपल्याकडे याचं उत्तर बहुतेक वेळा कागदावर सापडतच नाही. का सापडत नाही, ते समजायला जपानच्या चहासमारंभातले दोन वाडगे घेऊ. दोन्ही सोळाव्या शतकातले.

पहिला राकू वाडगा. क्योतोमध्ये चहागुरू सेन नो रिक्यू (1522–1591) यांच्यासाठी चोजिरो या कारागिराने असे वाडगे घडवले. चाक नाही, मातीचा गोळा हातानेच दाबत-उचलत आकार द्यायचा, मग पात्याने खरवडायचं. काळ्या लेपासाठी कामो नदीतले दगड कुटून वापरत. वाडगा लालभडक असतानाच चिमट्याने भट्टीबाहेर काढायचा. झटकन थंड झाल्यामुळे तो गडद काळा होतो.

दुसरा 'किझाएमोन इदो'. तो घडला कोरियात, चाकावर. यानागी सोएत्सु या अभ्यासकाने 1931 मध्ये तो पाहिला आणि लिहिलं, की हा गरिबांच्या घरातला रोजचा भाताचा वाडगा असावा. आज तो क्योतोच्या दाइतोकुजी मंदिरसंकुलातल्या कोहो-आन इथे आहे, आणि जपानचा 'राष्ट्रीय ठेवा' आहे.

आता गंमत बघा. किझाएमोन हे कुंभाराचं नाव नाही, ओसाकाच्या एका व्यापाऱ्याचं आहे. वाडगा त्याच्याकडे होता, एवढंच. पुढे तो मात्सुदाइरा फुमाइ या सरदाराकडे गेला, नंतर मंदिरात. मालकांची साखळी माहीत आहे. घडवणारा मात्र कायमचा निनावी.

मग चोजिरोचं नाव कसं टिकलं?

वाडगा जास्त चांगला होता म्हणून? तसं म्हणता येत नाही, कारण मान दोघांनाही आहे. शिवाय चोजिरोच्या वाडग्यांवर साधारणपणे शिक्काही नसतो. त्यांची ओळख पटते ती मुख्यतः लाकडी पेटीमुळे. वाडगा पेटीत ठेवायचा आणि नंतरच्या चहागुरूंनी किंवा राकू घराण्यातल्या वारसांनी पेटीवर शाईने नोंद करायची, अशी पद्धत होती. पुढच्या पिढ्यांनी शिक्के वापरले. 2019 मध्ये सोळाव्या पिढीने घराण्याची सूत्रं घेतली. 1978 पासून त्यांचं संग्रहालयही आहे.

म्हणजे नाव टिकवलं ते आश्रयदाता, घराणं, पेटी आणि शिक्का यांनी. नुसत्या कौशल्याने नाव टिकत नाही.

मी मूळची विज्ञानशाखेची, त्यामुळे माझा पहिला हात प्रयोगशाळेकडे जातो. एक्स-रे फ्लुओरेसन्सने लेपातलं लोह-मँगनीज कळतं, भट्टीच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो. पण घडवणाऱ्याचं नाव कुठलंच यंत्र देत नाही. ते कुणीतरी लिहून ठेवावं लागतं.

हे आपल्या कामाचं कसं?

चारकोपहून निघालात तर कांदिवलीला लोकल पकडा, माहीमला उतरा. तिथून धारावीचा कुंभारवाडा चालत गाठता येतो. सौराष्ट्रातून आलेली कुंभार कुटुंबं तिथे पिढ्यानपिढ्या माठ, कुंड्या, पणत्या बनवतात. दिवाळीत मुंबईभर लागणाऱ्या किती पणत्यांवर नाव असतं? एकाही नाही. जुन्या नोंदींतही तेच. एन्थोवेन यांच्या 1920–22 च्या जातीजमातींवरच्या ग्रंथात 'कुंभार' ही नोंद आहे, पण ती जातीची आहे, एखाद्या माणसाची नाही.

त्यात धारावीचा पुनर्विकास सुरू झाला आहे. भट्ट्या हलल्या किंवा विझल्या, तर कोणत्या भट्टीवर कोण काम करत होतं, माती कुठून यायची, जळणाला कापसाचा कचरा किती लागायचा, हे सांगणारी माणसं विखुरतील. शंभर वर्षांनी एखाद्या संग्रहालयात तिथला माठ असेल आणि खाली देणगीदाराचं नाव. मुंबईचा किझाएमोन!

म्हणून प्रस्ताव लिहिताना तीन रकाने वेगळे ठेवा: घडवलं कुणी, वापरलं कुणी, नोंदवलं कुणी. दुसरा आणि तिसरा लवकर भरतात. पहिला रिकामा राहिला तर 'अज्ञात' लिहून पुढे जाऊ नका. तो का रिकामा राहिला, हाच प्रबंधाचा प्रश्न होऊ शकतो. आणि घडवणारा अजून हयात असेल, तर आधी त्याच्याकडे जा. त्याची परवानगी घेऊन नाव, गाव आणि तारीख वहीत लिहा. अभिलेखागार नंतरही उघडं असेल.